लियाँचा शनिवार-रविवार

फ्रेंच अन्न व वाइन यांसाठी दोन दिवसांची नगरयात्रा आखणारी मंडळी आधी तारांकित भोजनगृहांची टाचणे काढतात आणि मग सहा ठिकाणी पाने मांडून घेतात. या पद्धतीस आमचा स्पष्ट विरोध आहे. युनेस्कोने 2010 साली फ्रेंच भोजनास सांस्कृतिक वारशाचा मान दिला, तो कोणा एका पदार्थास नव्हे. आप्तेष्टांनी एकत्र बसून क्रमाक्रमाने जेवावे, पदार्थाजोगी वाइन घ्यावी, या रिवाजास दिला. घड्याळ हाती धरून तो कसा पाळणार?

पॅरिसहून आगगाडीने दोन तासांवरचे लियाँ घ्या. तेथील पाककीर्ती केवळ श्रीमंतांच्या मेजावर वाढलेली नाही. धनिकांच्या घरची चाकरी सुटलेल्या स्वयंपाकिणींनी तेथे खाणावळी घातल्या; त्याच परंपरेतील युजेनी ब्राझिए या बाईंच्या दोन भोजनगृहांना 1933 साली प्रत्येकी तीन तारे मिळाले. कोथिंबिरीसारखा बारीक हिरवा पाला घालून घोटलेल्या ताज्या चीजला तर रेशीम विणणाऱ्या कोष्ट्यांवरून 'विणकऱ्याचा मेंदू' असे नाव पडले आहे! (नावास भिऊ नये, मेंदूचा त्यात अंशही नाही.) तेव्हा शनिवारी दुपारी 'बुशाँ' म्हणतात तशा एकाच लहान खाणावळीत बसावे, जाड बुडाच्या 46 सेंटिलिटरच्या बाटलीतून बोजोले मागवावी आणि संध्याकाळ मोकळी सोडावी.

कोणी म्हणेल, एवढा खर्च करून इतकेच? होय, इतकेच. रविवारी यांपैकी पुष्कळ खाणावळी बंदच असतात. त्या सकाळी सोन नदीकाठच्या बाजारात हिंडावे, बकरीच्या दुधाचे चीज व पाव घ्यावा आणि काठावर बसून खावा. ज्यांस मद्य वर्ज्य आहे, त्यांचेही तेथे काही अडत नाही.