जमाखर्चात न आलेली झाडे
मुंबईच्या आरे वनात ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. आरेच्या या लढ्याला 'स्वदेशी' या तरुण हिपहॉप गटाने आणि लोककलावंत प्रकाश भोईर यांनी 'वारली रिव्होल्ट' या गीतातून वाचा फोडली. प्रकल्पाच्या जमाखर्चात वाचलेले इंधन व वेळ मांडला जातो. आदिवासी पाड्यांचे नुकसान मात्र बाहेरच राहते. ते चव्हाट्यावर मांडणे हेच अशा गीताचे कार्य होय. सत्यशोधक जलशांनीही शेतकऱ्याच्या नागवणुकीबाबत तेच केले. तथापि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येण्यापूर्वीच झाडे पडली होती. टाळ्या म्हणजे निर्णय नव्हे. चारठाण्यासारख्या मराठवाड्यातील गावांतील तरुणांनीही पाणी आणि झाडांवर अवश्य गावे. पण ते गाणे ग्रामसभेच्या ठरावापर्यंत, तेही वेळेवर, पोहोचावयास हवे.