गुऱ्हाळावरचे ऊन

ऊस तोडणीला आला की वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यात अजूनही काही गुऱ्हाळे पेटतात. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडे जळतात आणि काही तासांत गूळ तयार होतो. ही गोडी उसात आली कोठून, असे आम्ही वर्गात विचारतो तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच असते : जमिनीतून! प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या ज्यांना मुखोद्गत आहे, तेही हेच सांगतात. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला खताची पोती दिसतात, पाटाचे पाणी दिसते. हवा दिसत नाही. म्हणून मूळ हेच झाडाचे तोंड आणि खत हेच त्याचे जेवण, ही समजूत व्याख्येखाली तशीच दडून राहते.

ती मोडावयाची तर चुलवाणातील राख पाहावी. गाडीभर चिपाड जळाल्यावर उरतात ती राखेची चार पाट्या. जमिनीतून आलेले क्षार त्या राखेत असतात. बाकीचे सारे हवेत निघून गेले, कारण ते आले होतेच हवेतून आणि पाण्यातून.

व्हॅन हेल्माँट नावाच्या एका वैद्याने हा हिशेब फार पूर्वी मांडला. त्याने २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड. माती घटली होती अवघी दोन औंस! झाड पाण्याचेच बनते, असे त्याने ठरवले. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. माती निर्दोष ठरली. पण हवा त्याच्याही ध्यानात आली नव्हती. झाडाची ही किमया केवळ उजेडात आणि केवळ हिरव्या भागात चालते, हे इंगेनहाउझने दाखवले ते १७७९ मध्ये.

आता किमया पाहू. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. त्यांतून हवा आत शिरते. त्या हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग चारांहून किंचित अधिक, इतकेच! मुळांकडून पाणी येते. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश टिपते. त्या शक्तीने पाण्याचे विघटन होते, त्यातील प्राणवायू बाहेर पडतो आणि उरलेल्या हायड्रोजनाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडची साखर होते. पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर, हा पाठ्यपुस्तकातील दृष्टान्त आम्हांस फारसा रुचत नाही. स्वयंपाकाला धान्य आधी घरात असावे लागते; येथे वारा आणि पाणी यांतून धान्यच घडते. खत निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. नत्र आणि मॅग्नेशियम यांवाचून हरितद्रव्यच बनत नाही. पण खत हे कारखान्याचे हत्यार आहे, कच्चा माल नव्हे.

पानात झालेली साखर खोडात उतरते आणि बुडख्याकडील पक्व कांड्यांत आधी साठते. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे बजावावे लागते ते उगीच नाही! चिपाड जळते तेव्हा जी ऊब मिळते, तीही पानांनी वर्षभर साठवलेली उन्हाचीच. म्हणजे रस आटवणारे सरपण ऊन, आणि आटणारी गोडीही ऊनच.

निपाणीच्या तंबाखूचा न्याय निराळा. तेथे फुले येण्याच्या सुमारास शेंडा खुडतात, बगलेतील फुटवेही काढतात. फुला-बियांकडे जाणारे अन्न मग पानांतच राहते, पान रुंद व जाड होते. या पिकाची वकिली आम्ही करणार नाही; पण तो शेंडा खुडणारी बाई अन्नाची वाट वळवीत असते, हे मुलांनी ओळखावे.

उसाजवळ आणखी एक युक्ती आहे, ती तंबाखूजवळ नाही. ऊस कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बन अणूंच्या आम्लात अडकवतो आणि मग शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतो. त्यामुळे कडक उन्हातही त्याचे काम जोरात चालते. हवाई बेटांत व ऑस्ट्रेलियात १९६५-६६ च्या सुमारास हे उलगडले, तेही उसावरच्याच संशोधनातून. आपली ज्वारी आणि मकाही याच पंथातली.

पालकांसाठी एक शब्द. आपली मुले पुढे कन्नड माध्यमात गेली की 'द्युतिसंश्लेषणे' हा शब्द ऐकून बिचकतात. द्युती म्हणजे प्रकाशच. आपले हरितद्रव्य तेथे 'पत्रहरित्तु' होते, पर्णरंध्र 'पत्ररंध्र' होते. घरी दोन्ही शब्द एकत्र म्हणवून घ्यावेत. ज्याला मराठीत अर्थ उमगला, त्याला तेथे नवे शिकण्यासारखे फारसे उरत नाही. ज्याने नुसती व्याख्या घोकली, त्याला मात्र ती दोनदा घोकावी लागते.

प्रयोग करावयाचा असेल तर घरातील मोठ्या माणसाबरोबर तळ्यावर जा आणि पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतीची एक डहाळी आणा. काचेच्या पेल्यात पाणी भरून चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. त्यातून तिला कार्बन डायऑक्साइड मिळेल. डहाळी कापलेले टोक वर ठेवून बुडवा आणि पेला उन्हात ठेवा. टोकातून बुडबुडे सुटू लागले की एका मिनिटात किती येतात, ते मोजा. मग पेला सावलीत न्या, पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा.