घोंगडीचा धागा आणि दीपमाळेचा उजेड

६ मे २०२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाची बैठक भरली. अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला त्या महिन्यात ३०० वर्षे पूर्ण होत होती. स्मारके होतील, त्यांवर रोषणाईही होईल. परंतु चौंडीच्या या कन्येने कारागिरांसाठी जे केले, त्याचा विचार तिच्या जन्मभूमीत कोणी करणार आहे काय?

राजधानी महेश्वरला नेल्यावर अहिल्याबाईंनी ठिकठिकाणचे विणकर आणून तेथे वसविले. किल्ल्याच्या भिंतींवरील नक्षी आणि नर्मदेच्या लाटा लुगड्याच्या काठावर उतरल्या. चित्रकाराच्या प्रेरणेविषयी पुष्कळ लिहिले जाते. दगडातली रेघ धाग्यात आणणाऱ्या विणकराच्या प्रेरणेविषयी फारसे नाही. जणू डोळा चित्रकारालाच असतो आणि विणकराला केवळ हात!

जामखेडच्या माळरानावरील मेंढपाळांची घोंगडी हेच सांगते. दख्खनी मेंढीची काळी, करडी, पांढरी लोकर, वरून कोणताही रंग नाही. बायकांनी सूत कातावे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी, मग मागावर पट्टी चढावी. काळ्या पृष्ठावर काठाशी एखादी पांढरी रेघ, एवढीच सजावट. हा संयम शहरी कलावंताला आज मोहवतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र पुष्कळ ठिकाणी लोकरीच्या किमतीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे माग बंद पडत आहेत.

याच धनगरांच्या खंडोबाच्या जेजुरीस दीपमाळा उभ्या आहेत. दगडी मनोऱ्यातून बाहेर आलेल्या हातांवर पणत्या ठेवायच्या आणि त्यांच्याच आधाराने वर चढायचे. शोभा आणि उपयोग यांत अंतरच नाही. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ उजळते तेव्हा तो उजेड कोणाच्याही मालकीचा नसतो. अर्थात, देवळांचा उजेड गावकुसाबाहेर पोहोचत असे आणि गावकुसाबाहेरचा माणूस मात्र देवळात पोहोचू शकत नसे, हेही विसरता येत नाही. साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषणास बसावे लागले, ते याचसाठी. आजच्या विद्युत्‌ रोषणाईलाही हाच प्रश्न लागू आहे. शेतपंपाच्या विजेसाठी रात्री जागलेल्या शेतकऱ्याला झगमगते स्मारक नेमके काय सांगणार?

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस या कलावंताला हा पेच जाणवला होता. विणकाम आणि रंगाई तो स्वतः शिकला, १८८१ साली मर्टन अॅबे येथे कार्यशाळा थाटली. परंतु हाताने केलेले त्याचे सुंदर कापड श्रीमंतांनाच परवडत होते. १८८३ साली तो समाजवादी चळवळीत उतरला. कारागिराच्या जीवनाचा प्रश्न केवळ सौंदर्याने सुटत नाही, हे त्याला कार्यशाळेतच उमगले होते.

महेश्वरचा अनुभव आशादायक आहे. १९७८ साली तेथे रेहवा संस्था निघाली, विणकरांना नियमित काम मिळू लागले आणि मावळत चाललेली कला सावरली. घोंगडीसाठी असे काही करणे अशक्य नाही. अहिल्यादेवींचेच नाव धारण करणारे मेंढी व शेळी विकास महामंडळ राज्यात आहे. त्याने लोकर निश्चित भावाने घ्यावी, शासकीय विश्रामगृहांत घोंगडी जावी, आणि घोंगडीवरून कलाकृती घडविणाऱ्यांनी विणकराचे नाव तिच्याखाली लिहून विक्रीचा वाटा त्याला द्यावा. स्मारकांच्या प्रकाशयोजनेचा खर्च जेव्हा जाहीर होईल, तेव्हा तालुक्यात त्या वर्षी किती लोकर कोणत्या भावाने खरेदी झाली, तो आकडाही जामखेडच्या कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीत जाऊन मागावा.