पंप वाढवून देऊ?

इंग्रजी शब्द मराठीत आला की एका अर्थावर त्याचं भागत नाही. 'पिकअप' हा त्यातलाच. पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली छोटी मालवाहू गाडी, आणि पिकअप म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडताच गाडीने घेतलेली झेप. त्यामुळे माझ्यासारख्या जुन्या गाडीच्या मालकाला 'तुमच्या पिकअपला पिकअप नाही हो!' हे वाक्य आठवड्यातून चारदा ऐकावं लागतं, आणि हा विनोद आपल्यालाच प्रथम सुचला असं बोलणाऱ्याला दर वेळी वाटतं.

माझी गाडी २००४ सालची. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, आणि कागदावर साठ घोडे. दरवर्षी तिचं पासिंग होतं, पर्यावरण करही मी मुकाट्याने भरतो. कराडजवळ माझी रोपवाटिका आहे. पावसाळ्याच्या तोंडाला कोकणातून आंब्याची कलमं आणायची म्हणजे चिपळूणहून कुंभार्ली घाट चढणं आलं. तिथं माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, घरच्या लग्नात वावरणाऱ्या आजीसारखी, कुणाचंही न ऐकता आपल्या चालीने चालते. मागचे हॉर्न मारतात. ती ऐकत नाही. मीही ऐकत नाही.

पण लोकांना ते बघवत नाही. आपल्या देशात मुलीचं लग्न, सांधेदुखी आणि गाडीची ताकद या तीन विषयांवर सल्ला द्यायला ओळख लागत नाही. धाकटा मेहुणा म्हणतो, "दाजी, टर्बो टाकून घ्या." शेजारचा कॉलेजात जाणारा चिरंजीव म्हणतो, "काका, सायलेन्सर काढून मोठा पाईप टाका, इंजिन मोकळं होईल." आणि जो-जो मिस्त्री बॉनेट उघडतो तो हात पुसता-पुसता, कानात अत्तराचा फाया ठेवावा तशा आवाजात विचारतो, "मालक, पंप वाढवून देऊ? दोनच आटे. गाडी उडेल."

या 'पंप वाढवून देऊ' पंथाविरुद्ध मला आज जाहीरपणे बोलायचं आहे.

पंप वाढवणं म्हणजे डिझेल पंपाच्या ज्या स्क्रूला कारखान्यात सील ठोकलेलं असतं, ते सील तोडून स्क्रू पिळणं. इंजिनात जास्त डिझेल जातं. कल्पना अशी, की जास्त खाल्लं की जास्त ताकद. पण डिझेल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा हवी, आणि धूर होऊ द्यायचा नसेल तर त्याहून बरीच जास्त. अडीच लिटरचं बिनटर्बोचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असलं, तर फार तर पावणेचार हजार लिटर हवा ओढतं. तुम्ही पंप पिळा नाहीतर स्वतःचे केस उपटा, त्याच्या छातीत याहून जास्त हवा मावत नाही. कारखान्याने हे हिशोब करूनच स्क्रू बसवलेला असतो. आता पर्वती चढताना दम लागलेल्या माणसाला कठड्यावर बसवून आणखी चार पुरणपोळ्या भरवल्या तर तो धावत वर जाईल काय? त्याला कमी पडतोय तो श्वास, अन् आपण वाढतोय पुरण!

आणि ते न पचलेलं पुरण कुठं जातं? मागच्या पाईपातून, काळ्याकुट्ट धुराच्या रूपाने. तो धूर म्हणजे तुम्ही रोख पैसे मोजून विकत घेतलेलं डिझेल. काही मालकांना त्या धुराचा अभिमान वाटतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "बघा, कशी ओढते!" असं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. ज्या गटात तंबाखू आहे, त्याच. आणि तो धूर मालकाच्या नाकात जात नाही. मागून स्कूटरवर आईला बिलगून शाळेला निघालेलं पोर असतं, त्याच्या नाकात जातो. कुणाच्या पोराच्या फुफ्फुसातून मला माझे पाच घोडे काढायचे नाहीत.

मोठ्या पाईपाबद्दल फार बोलत नाही. अशा इंजिनाला त्याने ताकद किती येते हे अनुभवी लोक सांगतात, आवाज किती येतो हे सगळी आळी सांगते. घोडे वाढत नाहीत, खिंकाळणं वाढतं.

टर्बोचं तसं नाही. ती चीज अस्सल आहे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. बाहेर वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि त्याने इंजिनात हवा कोंबायची. माणूस थोर! पण टर्बोचं इंजिन टर्बोसाठीच घडवावं लागतं. पिस्टन, हेड गॅसकेट, तेल, थंडावा, सगळं त्या दाबाच्या हिशोबाने. वीस वर्षं साध्या दाबावर संसार केलेल्या इंजिनावर टर्बो लादणं म्हणजे निवृत्त हेडमास्तरांना कबड्डीच्या संघात घेणं. एखादी चढाई झकास होईल. नंतर हाडवैद्य. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहेच. नोंदणीच्या पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "दाजी, कोण बघतंय?" सगळ्या अपघातांच्या आधी कोणीतरी हे वाक्य म्हटलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. घोडे खरोखर कमी आहेत काय? गाडी मालासकट अडीच टन धरा. चढ वीसला एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वेग ताशी तीस किलोमीटर. या हिशोबाने गाडी दर सेकंदाला बेचाळीस सेंटिमीटर वर उचलावी लागते. पंचाहत्तर किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणं म्हणजे एक घोडा. अडीच हजारांना ०.४२ने गुणा, पंचाहत्तरने भागा. उत्तर चौदा! टायरांचं घर्षण, वारा, गिअरबॉक्सचा खाऊ, सगळं धरून पंचवीस म्हणा. कागदावर साठ आहेत. मग साठातले पंचवीस जागेवर सापडत नसतील, तर नवे घोडे विकत आणण्याआधी आहेत ते घोडं कुठं पेंड खातंय ते बघायला नको?

ते पेंड खाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो. डिझेल फिल्टर कुणी केव्हा बदलला ते मागच्या मालकालाही आठवत नसतं. नोझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब गाळतात. टॅपेटचा गॅप बिघडलेला, पंपाचं टायमिंग सरकलेलं. क्लच प्लेट घसरते, म्हणजे इंजिन कष्ट करतं आणि चाकापर्यंत निरोपच पोचत नाही. एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटलेला असतो. गाडी चढतेय, ब्रेक धरतोय, मालक शिव्या देतोय इंजिनाला. टायरात हवा कमी. आणि एवढं सगळं ठीक करूनही दम नसेल, तर कॉम्प्रेशन तपासावं. रिंगा, व्हॉल्व्ह झिजले असतील तर इंजिन खोलावं. हे खरं औषध. पण यात 'गाडी उडेल' असं म्हणायची सोय नाही. नोझल तपासून, टॅपेट सेट करून मिस्त्री फक्त 'झालं' म्हणतो. पथ्याला गिऱ्हाईक नसतं, भस्माला असतं.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पहाटेच्या लिलावाआधी भाजी पोचली नाही तर ज्याचा दिवस बुडतो, तो मला म्हणेल, "तुमची कलमं दोन तास उशिरा आली तर सुकत नाहीत, माझ्या कोथिंबिरीचं काय?" बरोबर आहे. त्याची घाई हौसेची नाही, पोटाची आहे. पण त्यालाच तर माझं सांगणं सगळ्यात जास्त लागू पडतं. पिळलेल्या पंपाने डिझेलचं बिल रोज वाढतं, आणि इंजिन जास्त तापून पिस्टनवर बेतलं तर एक दिवस नव्हे, दोन हंगाम बुडतात. अर्धा तास लवकर निघणं हा जगातला सर्वांत स्वस्त टर्बो आहे.

आणि घाट चढला की उतरावाही लागतो, हे या पंथाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. चढताना नुसतं वजन वर उचलायला जेवढे घोडे लागतात, त्याच वेगाने उतरताना तेवढेच मागून ढकलतात. वेग दुप्पट झाला की अंगातला जोर चौपट होतो. पंप वाढवणारा मिस्त्री ब्रेक वाढवून देत नाही. दोन आट्यांत ब्रेक वाढतही नाहीत. ताकद वाढली म्हणून माल वाढतो, माल वाढला म्हणून पाटे वाढवतात, आणि ड्रम, लायनिंग, पाईप तेच, २००४चे.

त्या हौद्यात नेहमी कलमंच असतात असंही नाही. कायद्याला मंजूर नसलं तरी आपल्या रस्त्यांवर रोज सकाळी पिकअपच्या हौद्यात उभ्या राहून बाया कामावर जातात. डोक्याला फडकी, हातात डबे, एकमेकींचे खांदे धरलेले. माझ्याकडेही दोघीतिघींनी विचारलं, "मालक, नाक्यापर्यंत सोडा की." मी त्यांना एस.टी.चं भाडं देतो आणि हौद्याचं फळकूट लावून टाकतो. चिक्कू म्हणतात मला, म्हणोत. पण जो कोणी त्यांना घेऊन उताराला लागतो, त्याच्या गाडीत किती घोडे आहेत हे त्या बायांच्या घरी वाट बघणाऱ्या कुणालाही विचारायचं नसतं. त्यांना फक्त गाडी थांबते की नाही, एवढंच हवं असतं.

तेव्हा मिस्त्री, पंपाचं सील राहू द्या. नोझल काढा, फिल्टर बदला, चारही ड्रम उघडा. बिल पंप वाढवण्याएवढंच लावा, माझी तक्रार नाही. आणि कुंभार्लीत माझ्या मागे अडकून हॉर्न मारणाऱ्या तमाम सज्जनांनो, पुढच्या वळणावर रस्ता जरा रुंद आहे. मी बाजू देतो. तुम्ही व्हा पुढे.