एका घंटेचे देयक

मध्यरात्री भ्रमणध्वनी एकदाच वाजतो आणि गप्प होतो. पडद्यावर +२३२ किंवा +२५२ ने सुरू होणारा अनोळखी क्रमांक असतो. ज्या घरातील मुलगा परदेशी आहे, तिथे प्रथम काळजीच दाटून येते आणि कोणीतरी तो क्रमांक उलट लावतो. पलीकडून संगीत किंवा ‘कृपया थांबा’ एवढेच ऐकू येते आणि शिल्लक वितळत जाते. पहिला संकेतांक सिएरा लिओनचा, दुसरा सोमालियाचा. जपानी भाषेत या युक्तीला ‘वानगिरी’, म्हणजे एक घंटा देऊन तोडणे, असे नाव आहे.

येथे कोणी कुलूप तोडत नाही. ग्राहकाकडून पैसे वसूल करते ती त्याचीच दूरसंचार कंपनी. त्यातला वाटा कॉल पोहोचवणाऱ्या परदेशी कंपनीला जातो आणि चढ्या दराचा तो क्रमांक घेऊन बसलेल्या भामट्याला तिच्याकडून हिस्सा मिळतो. चोरीची सारी नोंद वहीत चोख! आपल्याकडे तर मिस्ड कॉल ही गरिबाची फुकटातली तारच होती. ‘पोहोचलो’, ‘खाली ये’, ‘तूच फोन कर’ हे सारे निरोप एका घंटेत मावत. अशा घरगुती सवयीवर टपलेल्या लुटीबद्दल ‘ग्राहकाने सावध राहावे’ एवढाच उपदेश करून कंपन्यांना मोकळे होता येणार नाही.

देशांतर्गत सेवांबाबत नियामकाने हे ओळखले होते. ज्योतिष, विनोद, क्रिकेटचा धावफलक अशा न मागितलेल्या सेवा गळ्यात पडत आणि पैसे कापले जात. ट्रायने जुलै २०१३ मध्ये दुहेरी संमतीविना अशी सेवा सुरू करण्यास मनाई केली. ती बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक दिला.

दाद मागण्याची वाट मात्र दीर्घकाळ अडलेली होती. १८८५ च्या तार कायद्यातील कलम ७-ब च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दूरध्वनी देयकांचे तंटे ग्राहक मंचाच्या कक्षेबाहेर, लवादाकडे धाडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने मंचाचे दार ग्राहकासाठी पुन्हा उघडले. मधल्या बारा वर्षांत पन्नास-शंभर रुपयांसाठी लवादाकडे कोण जाणार होते?

आता आमची मागणी साधी आहे. चढ्या दराचा परदेशी कॉल जोडण्यापूर्वी त्याचा दर ग्राहकाच्या कानावर घालावा आणि संशयित क्रमांकांचे पैसे परदेशी कंपनीला चुकते करण्याआधी रोखून धरावेत. ज्यांच्या वहीतून हा पैसा जातो, त्यांना ते अवघड नाही.