पायथ्याशी उतरलेली गावे

निवृत्तीनंतर परतवाड्यात घर बांधावे, हा विचार अमरावतीच्या मध्यमवर्गाला नवा नाही. हवा बरी, डोंगर समोर, जिल्ह्याचे ठिकाण जवळ. सातपुड्याचा हाच पायथा मेळघाटातील कोरकूंच्या वाट्याला मात्र वेगळ्या रीतीने आला. व्याघ्र प्रकल्पासाठी या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली. पुढे केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड आदी गावे अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हाऱ्याकडे उतरली.

२००८ च्या निकषांनुसार कुटुंबामागे १० लाख रुपये (२०२१ पासून १५ लाख) किंवा जमीन व घर. अठरा वर्षांवरील मुलगा स्वतंत्र कुटुंब. कागदावर हे उदारच. पण वर मोह, चारोळी, सरपण, चराई यांना पैसे पडत नव्हते. खाली प्रत्येक गोष्ट विकत. रोख रक्कम अशा घरात किती टिकणार? सुविधा मिळाल्या नाहीत, अशी तक्रार करीत काही कुटुंबे पुन्हा जंगलात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचारी, पोलीस व आदिवासींत संघर्ष झाला.

आणखी एक बाब क्वचितच बोलली जाते. चिखलदरा व धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. अकोट, तेल्हारा नाहीत. घाट उतरताच ‘पेसा’ने दिलेले ग्रामसभेचे अधिकार मागे राहतात.

स्थलांतर स्वेच्छेनेच व्हावे, असे २००६ चा वनहक्क कायदा सांगतो. परतवाड्यात प्लॉट पाहणारा चार जागा फिरतो, विहिरीचे पाणी चाखतो, न पटल्यास परत जातो. ही मुभा कोरकू कुटुंबाला कितपत होती?