लिव्हर, गोळ्या आणि हिरवा रस

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पॅरासिटामॉलची स्ट्रिप नाही, असा माणूस दाखवा! डेडलाइन, डोकेदुखी, गोळी. इतकं सोपं. हल्ली तिच्या शेजारी एक हिरव्या रसाची बाटलीही असते. गोळ्यांपासून लिव्हरला प्रोटेक्शन, हा त्यामागचा फंडा.

रसातली झाडं बघायची तर चंद्रपूर-गडचिरोलीला जा. पावसाळा लागला की धानाच्या बांधावर भुईआवळा उगवतो. पानांखाली मोहरीएवढी हिरवी फळं ओळीने लटकलेली. जंगलात झाडांवर चढलेली गुळवेल, सावलीला कडूजहर काळमेघ. कावीळ झाली की भुईआवळा वाटून देतात आणि माणूस बराही होतो. पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. श्रेय मात्र झाडाला!

औषधांनी बिघडलेल्या लिव्हरचं गणित वेगळं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो, ग्लुटाथिओन त्याला निकामी करतं. डोस अति झाला की ग्लुटाथिओनचा साठा संपतो आणि पेशी मरतात. लॅबमध्ये उंदरांना मुद्दाम असा डोस देतात, सोबत वनस्पतीचा अर्क, आणि एसजीपीटी मोजतात. भुईआवळा, काळमेघ या परीक्षेत चांगल्या मार्कांनी पास झालेत. पण उंदरांना अर्क मोजून मिळतो, पुष्कळदा विषाच्या आधीच. माणसांवरचे मोठे, नीट प्रयोग फार थोडे. हॉस्पिटलात ओव्हरडोसवर आजही एन-ॲसिटिलसिस्टीनच देतात.

खरी परीक्षा टीबीच्या पेशंटची. आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं लिव्हरला इजा करू शकतात. मळमळ, गडद लघवी, पिवळे डोळे दिसले आणि घरच्यांनी नुसता पाला वाटून दिला, तर गोळ्या चालूच राहतात आणि लिव्हर खचत जातं. गोळ्या आपल्या मनाने सोडल्या, तर टीबी उलटतो. डॉक्टर त्या थांबवतात, एसजीपीटी खाली येऊ देतात, मग एकेक औषध परत सुरू करतात. आतल्या गावातून या तपासणीसाठी तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. भुईआवळा दारातच असतो. त्यामुळे वैदूला हसू नका.

हसायचंच तर आपल्याला हसा. कोविडमध्ये आपण गुळवेलीचे काढे ढोसले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, वेल ओळखण्यातच चूक झाली असावी. तशीच दिसणारी दुसरी जात आहे. मग २०२२ मध्ये देशभरातल्या १३ सेंटर्सनी अशा ४३ केसेस मांडल्या. म्हणजे लिव्हर वाचवायला घेतलेलं झाडच कधीकधी लिव्हरवर उठतं.

तेव्हा टीबीच्या, फिट्सच्या किंवा कुठल्याही लांबलचक कोर्सवर असाल, तर पुढच्या व्हिजिटला ती बाटलीही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. लेबलसकट!